मला येतं

मुलगी सात वर्षांची होती. पुण्याहून माझ्या आईचा फोन आला, तेव्हा ती मोठ्या ऐटीत म्हणाली, "आजी, मला पोहणं माहीत आहे!" पलीकडे क्षणभर शांतता. मग आई म्हणाली, "माहीत मलाही आहे गं. तुला येतं का?"

इंग्लंडात, मिल्टन कीन्समध्ये वाढणाऱ्या पोरांचं मराठी असंच अडखळतं. पण मला हसू आलं ते वेगळ्याच कारणानं. हेच बोलणं मी तीस वर्षांपूर्वी बार्शीला, माझ्या आजीच्या चुलीपुढे खाल्लं होतं. नुकतीच दहावी झाली होती, डोक्यात विज्ञान खच्चून भरलेलं. ज्वारीत ग्लूटेन नसतं, म्हणून उकळतं पाणी घालायचं, म्हणजे पिठातला स्टार्च चिकट होतो, असं मी तिला ऐकवलं. तिनं काही न बोलता परात माझ्यापुढे सरकवली. थापताना कडेला चिरा गेल्या. उचलायला गेले तर निम्मी भाकरी हातात, निम्मी परातीत. "पाणी किती घालायचं?" मी विचारलं. "पीठ मागेल तेवढं." आणि शेवटी, मोडलेला तुकडा तव्यावर टाकत, "माहीत सगळं आहे, येत काही नाही."

लग्नानंतर इकडे आले. 1967 साली कागदावर रेघा मारून वसवायला घेतलेलं हे गाव. आडव्या रस्त्यांना एच, उभ्यांना व्ही, आणि जिथे छेदतील तिथे गोलचक्कर. आमच्या घरापासून चार गोलचक्करं ओलांडली की वॉल्टन हॉल, म्हणजे ओपन युनिव्हर्सिटी. आपल्या नाशिकच्या मुक्त विद्यापीठाच्या वीस वर्षं आधीची, 1969 ची. गंमत अशी की तिथे विद्यार्थी जवळजवळ दिसतच नाहीत; ज्ञानगंगा घरोघरी. मीही स्वयंपाकघरातल्या टेबलावरच प्राचीन ग्रीक शिकायला बसले, मुलगी झोपल्यावर.

जाणण्यासाठी ग्रीकात क्रियापदं किती! 'गिग्नोस्को' तर घरचंच निघालं, आपल्या 'ज्ञा' धातूचं भावंड. ओळखणं, कळत जाणं असा त्याचा रोख. 'ओइदा'पाशी मात्र मी पेन खाली ठेवलं. रूप 'पाहिलं आहे' असं, अर्थ 'ठाऊक आहे' असा. संस्कृतातला 'वेद' अगदी तसाच: रूप भूतकाळाचं, अर्थ वर्तमानाचा. पाहिलं आहे, म्हणून ठाऊक. 'एपिस्तामाइ'च्या पोटात उभं राहणं आहे, आपला 'स्था'. त्यातून 'एपिस्तेमे', पायाखाली पक्कं असलेलं ज्ञान. आपल्या 'ठाऊक'मध्ये मला 'ठाव' ऐकू येतो तो असा. 'तेख्ने' म्हणजे कसब, आणि त्याचा भाऊबंद 'तेक्तोन' म्हणजे सुतार, संस्कृतातला तक्षन्.

ॲरिस्टॉटलनं नीतिशास्त्राच्या सहाव्या भागात यातल्या काहींना नेमके कप्पे पाडून दिले. तो म्हणतो की तरुण पोरं भूमितीत पटाईत होऊ शकतात, पण 'फ्रोनेसिस', म्हणजे व्यवहारातलं शहाणपण, त्यांच्यापाशी नसतं. त्याला अनुभव लागतो आणि अनुभवाला वेळ. हे पटलं. कप्पे मात्र पटले नाहीत. आजीच्या भाकरीला तो 'तेख्ने'त टाकणार. पण पाहुणा अचानक आला की कुणाच्या पानातली भाकरी अर्धी करायची, हेही त्याच परातीपाशी ठरायचं. आणि शब्द तरी कुठे कप्प्यात राहतात? गीतेच्या सातव्या अध्यायातलं 'विज्ञान' शंकराचार्यांना अनुभव वाटलं, ज्ञानेश्वरांना प्रपंचज्ञान. आपण त्याच शब्दाची प्रयोगशाळा केली.

एक गोष्ट त्या टेबलावर हळूहळू लक्षात आली. ग्रीक माणूस 'मी जाणतो' म्हणतो. 'मी' क्रियापदातच बसलेला. आपल्याकडे मला कळतं, मला उमगतं, मला येतं. करणारी मी नाहीच. मी नुसती जागा, जिथे ते येतं. किंवा येत नाही.

गावाच्या दक्षिणेला ब्लेचली पार्क आहे, दुसऱ्या महायुद्धात एनिग्मा यंत्राचे गुप्त संदेश जिथे फोडले तिथे. तिथल्या डिली नॉक्सबद्दल मला जिव्हाळा आहे, कारण तो मुळात ग्रीकचा माणूस. हेरोडस कवीच्या फाटक्या पपायरसचे तुकडे जुळवण्यात त्यानं वर्षं घातली. 1922 साली ती आवृत्ती निघाली. त्याच्या हाताखाली मेव्हिस लिव्हर नावाची विशीच्या आतली मुलगी होती, जर्मन शिकणारी. एकदा एक इटालियन संदेश तिच्यापुढे आला आणि तिला दिसलं की अख्ख्या मजकुरात 'एल' हे अक्षर एकदाही नाही. एनिग्मात कुठलंही अक्षर स्वतःच्या रूपात उमटत नसे. म्हणजे चाचणीचा संदेश पाठवताना कुण्या कंटाळलेल्या माणसानं नुसतं 'एल'च दाबत ठेवलं होतं! मी हे मुलीला तिथल्याच बाकावर सांगितलं. "तिला आधीच माहीत होतं?" तिनं विचारलं. नियम माहीत होता, मी म्हटलं, बाकीचं उमगलं. "उमगलं म्हणजे?" मला सांगता येईना.

आता ती पंधराची आहे. गेल्या महिन्यात ज्वारीचं पीठ आणलं होतं, पाकीट जुनं, चिकटपणा गेलेला. माझ्या दोन भाकरी तुटल्या. मी वैतागून बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. स्वयंपाकघरातून थापल्याचा आवाज येत राहिला. थांबला. पुन्हा सुरू झाला. मग बराच वेळ काहीच नाही.

"आई, आली!" ती ओरडली.

मी उठून आधी दार उघडायला गेले.