अहो, आपल्यावर रणगाडेवाल्याचं राज्य होतं!

अहो थांबा, हातातलं काम बाजूला ठेवा आणि आधी हे ऐका! आपल्या रेणापूरवर, लातूरवर, नांदेडवर, अख्ख्या मराठवाड्यावर वर्षभराहून जास्त काळ एका रणगाडेवाल्याचं राज्य होतं! निवडणूक नाही, विधानसभा नाही, मुख्यमंत्री नाही. वर्दीतला एक मेजर जनरल, आणि तोच सरकार! शाळेत आपण काय शिकलो? 13 सप्टेंबर 1948 ला फौज आली, 17 ला निजाम शरण आला, झेंडा वर गेला, संपला धडा. पण 18 तारखेचं काय? 18 तारखेला कचेऱ्या कुणाच्या हुकमानं चालल्या? तहसीलदारानं कुणाला सलाम ठोकला? पगार कुणी दिले? इतक्या 17 सप्टेंबरांना झेंड्यासमोर उभी राहिले, भाषणं ऐकली, आणि हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आलाच नाही! तुमच्या आला होता? खरं सांगा!

तर नाव ऐका: जयंतोनाथ चौधरी. नावावरून खानदेशातले वाटतात ना? बंगाली, हो! आणि बंगाली म्हणजे साधेसुधे नव्हेत. ह्यांच्या आईचे वडील कोण, तर व्योमेशचंद्र बॅनर्जी, म्हणजे 1885 साली मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं तेव्हाचे अध्यक्ष! काँग्रेसच्या पहिल्या अध्यक्षांचा नातू! आणि चुलत बहीण कोण? देविका राणी! ‘अछूत कन्या’मधली देविका राणी! मी हे वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन मोठ्यानं सांगितलं, तर घरातल्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू दूध उतू गेलंय आणि मी गाणं म्हणतेय. जाऊ द्या. तुम्ही तरी माझ्या बाजूनं राहा.

आधीच कबूल करते, मी काही इतिहासाची बाई नाही. रणगाडा आणि तोफगाडी यातला फरकसुद्धा मला परवापर्यंत सांगता आला नसता. पण हा माणूस एकदा हाती लागल्यावर सुटेचना! जन्म 1908 चा. शिक्षण इंग्लंडमधल्या सँडहर्स्टला, आणि तिथं मित्रांनी नाव ठेवलं ‘मुच्छू’! मिशांवरून! पुढं सरसेनापती झाला तरी हे नाव काही सुटलं नाही! आणि मग घोडदळात भरती, आणि मग बघता बघता घोड्यांच्या जागी रणगाडे आले, आणि मग दुसरं महायुद्ध, सुदान, इरिट्रिया, आफ्रिकेतलं वाळवंट, आणि मग ब्रह्मदेशात सोळाव्या लाइट कॅव्हलरीचा प्रमुख, आणि मग 1948 च्या मे महिन्यात पहिल्या आर्मर्ड डिव्हिजनचा सेनापती, आणि मग ही डिव्हिजन येऊन थांबली कुठं? आपल्या सोलापूरच्या बाजूला! वय वर्षं 40!

आता मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, तेव्हा काय चाललं होतं ते आपल्या घरोघरी माहीत आहे. निजामासाठी लढणाऱ्या रझाकारांचे गणवेश, गावं सोडून सरहद्दीबाहेरच्या कॅम्पांत गेलेली माणसं. आणि रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा कुठला वकील? लातूरचा! आपल्या लातूरच्या कचेरीत काळा कोट घालून उभा राहणारा वकील! हे मात्र मला आधीपासून ठाऊक होतं, एवढं तरी श्रेय द्या.

13 सप्टेंबरच्या पहाटे चौधरींचे रणगाडे हलले. नळदुर्गचा बोरी नदीवरचा पूल उडवून दिला असता तर सगळी फौज तिथंच अडकली असती. पण पूल अख्खा हाती आला! अख्खा! नळदुर्गला आपण जातो ते पाणीमहाल बघायला, नर-मादी धबधब्याखाली फोटो काढायला. पुलाकडे कोण बघतं? मी पुढच्या वेळी पुलावर उभी राहून फोटो काढणार आहे, लोक हसले तर हसू देत! सोलापूर ते हैदराबाद, तीनशे किलोमीटर, आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी निजामानं लढाई थांबवल्याचं रेडिओवर जाहीरही करून टाकलं! इकडे जालन्याच्या बाजूनं आलेली फौज लातूर आणि मोमिनाबादकडे वळली. मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, आणि लातूर-अंबाजोगाईच्या मधोमध कोण? रेणापूर! मोमिनाबादला निजामाच्या गोलकोंडा लान्सर्सनी नावापुरता हात दाखवला आणि मग हत्यारं खाली ठेवली.

18 तारखेला निजामाचे सेनापती अल इद्रूस चौधरींपुढे शरण आले. आणि इथून पुढं खरी गंमत आहे, जरा पुढे सरकून बसा!

दुसऱ्याच दिवशी, 19 सप्टेंबरला, खुद्द निजामानं फर्मान काढलं की राज्यकारभाराचे सगळे अधिकार या मिलिटरी गव्हर्नरला! हरलेल्या राजानं जिंकलेल्या सेनापतीला स्वतःच्या सहीनं राज्य सोपवलं! राजा गादीवरच, राजाचीच सही, आणि हुकूम मात्र चौधरींचा! काल रणगाड्याच्या झडपेतून डोकं काढून दुर्बीण लावणारा माणूस आज दीड कोटीहून जास्त लोकांचा कारभारी! त्यानं कधी ग्रामपंचायतसुद्धा चालवली नव्हती! आणि राज्य तरी कसलं, ज्याची स्वतःची रेल्वे, स्वतःचं टपाल, स्वतःचं नाणं! हाली सिक्का! सात हाली म्हणजे सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, हा हिशोब आमच्या घरातले म्हातारे झोपेतही सांगायचे. एवढा पसारा, आणि तो सांभाळायला हाताशी मुलकी कारभाराचा प्रमुख कोण दिला? बखले! द. स. बखले, आयसीएस! मराठी माणूस! मी खुर्चीवरून उठलेच!

पण रणगाड्यानं राजा हरवता येतो, रानातला बंडखोर हरवता येत नाही. आणि तेलंगणात बंड आधीपासून पेटलेलं होतं. 1946 पासून नलगोंडा, वरंगळच्या बाजूचे शेतकरी वेठबिगारीविरुद्ध, तिथल्या देशमुख-जमीनदारांविरुद्ध हत्यार घेऊन उठले होते, कम्युनिस्ट पुढारी होते, गावंच्या गावं त्यांच्या ताब्यात होती, जमिनी वाटून झाल्या होत्या. निजाम गेला, आता बंड थांबेल, असं दिल्लीला वाटलं असेल. कशाचं काय! काहींनी हत्यारं ठेवली, बाकीच्यांनी ठेवली नाहीत, आणि ते लढत राहिले थेट ऑक्टोबर 1951 पर्यंत! म्हणजे चौधरींचा सगळा कारभार या बंडाच्या सावटाखालीच झाला. एका हातानं फौज रानात पाठवायची, माणसं पकडून तुरुंगात टाकायची, आणि त्यातलं बरंचसं कठोर होतं, फार कठोर. आणि दुसऱ्या हातानं?

दुसऱ्या हातानं जमीन! अहो, जमीन! फेब्रुवारी 1949 मध्ये सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाची स्वतःची खासगी मालमत्ता, सरकारात जमा! आणि मग 15 ऑगस्ट 1949 ला जहागिरी खालसा! पिढ्यान्‌पिढ्यांच्या जहागिरी! जे काम निवडून आलेल्या सरकारांना कमिट्या नेमून, चर्चा करून, वर्षानुवर्षं जमलं नसतं ते एका फौजीनं एका कायद्यानं केलं! तारीख बघा ना, स्वातंत्र्यदिनाचीच निवडली! माझं आपलं अडाणी मत विचाराल तर त्याला कळून चुकलं होतं की बंडाचं मूळ बंदुकीत नाही, शेताच्या बांधावर आहे. ते त्याला कळणं मला रणगाड्यांपेक्षा मोठं वाटतं.

आणि या कायद्याच्या नावातच काय गंमत आहे! साल 1949, सगळ्या जगात 1949, आणि कायद्याच्या नावात साल छापलंय 1358! फसली साल! निजाम हरला, जहागिरदार गेले, आणि निजामाच्या दफ्तराचं कॅलेंडर मात्र मिलिटरी गव्हर्नरच्या कायद्यावरही तसंच! मी हे पुन्हा पुन्हा वाचून काढलं!

अजून एक! हा कायदा निघण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी, 7 ऑगस्टला, निजामाकडून आणखी एक फर्मान निघालं होतं, की मिलिटरी गव्हर्नरला दिलेल्या अधिकारात कायदे करण्याचा अधिकारही आहेच. आधी राजाच्या सहीनं अधिकार पक्का करून घेतला आणि मग राजाच्याच सरदारांच्या जहागिरी काढल्या! केवढी ही हुशारी! पुढं एक जहागिरवाला सुप्रीम कोर्टात गेला, की एका जनरलला कायदा करायचा हक्कच काय? 1960 साली कोर्टानं निकाल दिला: कायदा पक्का! कोर्टाचे निकाल वाचून मला कधी हसू येईल असं वाटलं नव्हतं.

आता एक गोष्ट सांगते, तिथं माझा आवाज आपोआप खाली येतो. याच काळात, फौज आल्यानंतरच्या आठवड्यांत, मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं ते आपल्या 17 सप्टेंबरच्या भाषणांत येत नाही. नेहरूंच्या सरकारनं पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाहणीला पाठवलं. त्यांच्या अहवालात मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार असा आहे, आणि सगळ्यांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही दोन नावं आहेत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. रझाकारांनी जे केलं ते आम्हाला लहानपणापासून तोंडपाठ. हे मला आत्ता, या वयात, जनरल चौधरींच्या मागे धावताना कळलं. राज्य त्यांचं होतं, म्हणून हेही त्यांच्याच खात्यावर लिहावं लागतं. जहागिरींचं श्रेय द्यायचं आणि हे पान उलटायचं, असं मला करता येईना.

1949 च्या अखेरीला चौधरी हैदराबादहून फौजेत परत गेले आणि कारभार मुलकी अधिकारी वेलोडी यांच्या हाती आला. परत गेले! खुर्ची सोडून! एवढं राज्य हातात असताना! जगात आजूबाजूला बघा, वर्दीतली माणसं एकदा खुर्चीत बसली की उठतच नाहीत. मलायात कम्युनिस्टांचं बंड मोडायला इंग्रजांनी 1952 मध्ये जनरल टेंपलर यांना पाठवलं, मुलकी आणि लष्करी दोन्ही अधिकार देऊन, आणि त्यांच्यावर केवढी पुस्तकं निघाली! हेच दोन्ही अधिकार आपल्या मुच्छूसाहेबांकडे 1948 पासून होते, आणि आपल्या गावात त्यांचं नावसुद्धा कुणाला माहीत नाही!

आणि ते गेल्यावर काय झालं माहितेय? 18 एप्रिल 1951 ला आपले विनोबा त्याच नलगोंडा भागात पोचमपल्लीला पोचले, दलितांनी 80 एकर मागितले, रामचंद्र रेड्डींनी 100 एकर दिले, आणि भूदान सुरू झालं! आणि मग 1952 ची निवडणूक, आणि मग ज्या कम्युनिस्टांच्या मागे फौज रानोमाळ फिरली होती त्यांच्यातलेच रविनारायण रेड्डी नलगोंड्याहून उभे राहिले, आणि मतं मिळवली ती खुद्द नेहरूंपेक्षा जास्त! बंडखोर मत मागून संसदेत! आणि ज्या जनरलनं राज्य केलं त्यानं जन्मात एकदाही मत मागितलं नाही! पुढारी कोण आणि शिपाई कोण, सांगा मला!

थांबा, उठू नका, अजून आहे! 1961 मध्ये गोवा! दक्षिण कमांडचे प्रमुख कोण? चौधरी! पुण्यात मुख्यालय! आणि गोवा मुक्त झाल्यावर तिथं मिलिटरी गव्हर्नर म्हणून कोण बसलं? त्यांच्या हाताखालचे मेजर जनरल कँडेथ! हैदराबादचाच धडा पुन्हा गिरवला! आणि मग 1962, चीन, हार, हाहाकार, आणि नोव्हेंबरमध्ये एकाच आठवड्यात दोन माणसं दिल्लीत नव्या खुर्च्यांवर बसली. सरसेनापती म्हणून चौधरी, आणि संरक्षणमंत्री म्हणून आपले यशवंतराव चव्हाण! ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री’ हे आपण हजारदा ऐकलं, पण सह्याद्री जिथं पोचला तिथं शेजारच्या दालनात आपला जुना मिलिटरी गव्हर्नर मिशीला पीळ देत बसला होता, हे कुणी सांगितलं का? 1965 चं युद्ध या जोडीनं लढलं! निवृत्तीनंतर साहेब कॅनडाला हाय कमिशनर! सोलापूरचा नाका ते कॅनडा!

आता मला बखले शोधायचेत. जनरलचं सगळं सापडतं हो, पण त्या वर्षात मोगलाईच्या फायली उघडून बसलेला हा मराठी आयसीएस कुठं राहायचा, आपल्याकडे दौऱ्यावर आला होता का, तहसीलदारांशी कुठल्या भाषेत बोलायचा? तुमच्या घरी कुणी आजोबा तेव्हा पटवारी असतील, गिरदावर असतील, जुन्या ट्रंकेत 1358 फसली असं लिहिलेला एखादा कागद असेल, तर आजच काढा. उद्या नको, आजच! वाळवी आपल्यापेक्षा वेगानं वाचते. आणि काही सापडलं तर रात्री कितीही वाजता सांगा. मी जागीच आहे!