जॅमवरून

पूर्व लंडनमधल्या एका प्राथमिक शाळेत मी सहायक शिक्षिका आहे. नोकरी लागली तेव्हा वाटलं, मुलांकडून वाचन-पाढे करून घ्यायचे असतील. पहिलं काम मिळालं ते टोस्ट भाजायचं.

आमच्या खोलीला ‘नर्चर ग्रुप’ म्हणतात. वर्गात खुर्च्या फेकणारी, चावणारी, नाहीतर टेबलाखाली जाऊन बसणारी आठ-दहा मुलं इथे येतात. सोफा आहे, जेवणाचं टेबल आहे, छोटा ओटा आहे. मार्जोरी बॉक्सॉल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६९च्या सुमारास लंडनमध्येच ही पद्धत सुरू केली. मोठ्या माणसांवर भरवसा ठेवावा असं ज्याला लहानपणी काही मिळालंच नाही, ते मूल पाच वर्षांचं झालं म्हणून वर्गात बसू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. राहून गेलेलं आधी द्या, अक्षरं मग.

खोलीत दोन मोठी माणसं असावीच लागतात. का, ते मला टेबलावर कळलं. एकदा मी सहकारिणीला म्हटलं, “आज जॅम मुलांनाच लावू दे.” ती म्हणाली, “नको, टेबल मला पुसावं लागतं.” झालं! सगळ्यांची तोंडं चालायची थांबली. सहा वर्षांचा एक जण तर उठून दाराशी गेला. असं बोलणं निघालं की पुढे काय होतं, हे त्याला घरून ठाऊक असावं. आम्ही ठरवलं, जॅम मुलांनी लावायचा आणि फडकंही मुलांनीच मारायचं. मग चहा घेतला. तो दाराशीच. शेवटी जवळ येऊन म्हणाला, “मिस, मग भांडणार कधी?”

तेव्हापासून आम्ही अधूनमधून मुद्दाम वाद काढतो. (“याचा पगार मिळतो तुला?” असं नवरा विचारतो.)

मुलाचं नाव मूळ वर्गाच्याच पटावर राहतं. सकाळी हजेरी तिथे, मग आमच्याकडे, दुपारी परत वर्गात. काही सत्रांनी त्याने पूर्णवेळ तिकडे जावं, हा खरा हेतू. अडतं इथेच. “तुमच्याकडे छान रमलाय, राहू दे ना अजून,” वर्गशिक्षिका म्हणतात. तीस मुलं आणि त्या एकट्या. अडचण मला दिसते. पण अशाने आमची खोली म्हणजे शाळेचा माळा होईल, नको ते टाका आणि विसरा. म्हणून आता गणिताच्या तासाला त्याच्याबरोबर मीही वर्गात जाऊन बसते. बाईंना ते आवडत नाही, आणि हा वाद काही आम्ही मुद्दाम काढलेला नाही.