टिकावं, पण कायमचं नको

दातांना तार लावणं आता आमच्या अमरावतीत नवलाचं राहिलेलं नाही. मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत प्रत्येक वर्गात तारवाल्या दोन-तीन मुली असतातच. पण तारेच्या जोडीला जबड्याच्या हाडात स्क्रू बसवायचा म्हटलं, की आईच्या पोटात धस्स होतं. माझ्याही झालं.

आमची मनू सोळा वर्षांची. वरचे दात बरेच पुढे. हसताना तोंडावर हात धरायची सवय तिला पाचवीपासूनच लागली आणि पुढेपुढे तर हसणंच कमी झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वरच्या दोन उपदाढा काढून त्या जागेत पुढचे दात मागे नेऊ. पण ओढायला भक्कम आधार हवा. मागच्या दाढांना बांधून ओढलं, तर त्याच पुढे सरकतात आणि मिळालेली जागा वाया जाते." पूर्वी यासाठी डोक्यामागून पट्टा बांधायला देत. कॉलेजात जाणारी पोर तो किती तास बांधणार? म्हणून हाडात दोन छोटे स्क्रू.

सासूबाईंनी ऐकलं मात्र! "काहून वं, पोरीच्या जबड्यात इस्क्रू ठोकता काय?"

स्क्रू पाहिला तर जेमतेम दीड मिलिमीटर जाड आणि आठ मिलिमीटर लांब. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा. हिरडी बधिर करून थोड्याच वेळात दोन्ही बसले. दुखण्यापेक्षा धास्तीच मोठी होती.

पण दीड महिन्यात डावा स्क्रू हलायला लागला. मनू रडकुंडीला आली. "आई, आता पुरे. सगळंच काढून टाका." उपदाढा तर आधीच काढलेल्या. मध्येच सोडलं तर फटी तशाच राहणार, आणि खर्च झाला तो वेगळाच.

त्याच आठवड्यात अकोल्याहून मोठे दीर आणि जाऊबाई आल्या. दिरांनी पडलेल्या दाढेच्या जागी कायमचं इम्प्लांट बसवून घेतलं आहे. ते म्हणाले, "माझ्या स्क्रूचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत केलेला आहे, म्हणून तो दगडासारखा घट्ट आहे. हिच्यासाठीही तसाच मागा." आम्ही डॉक्टरीणबाईंना तेच विचारलं. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं.

पाटा झिजून गुळगुळीत झाला की वाटण नुसतं सरकतं, म्हणून आपण त्याला टाकी लावून घेत असू. कायमच्या इम्प्लांटचंही काहीसं तसंच. टायटॅनियमवर बारीक कणांचा जोरदार मारा करतात, मग आम्लात बुडवतात. काही ठिकाणी द्रावणात ठेवून वीज सोडतात. त्याने वरचा ऑक्साइडचा थर जाड होतो आणि रंग न लावताही स्क्रू सोनेरी किंवा गुलाबी दिसतो. खरखरीत पृष्ठभागावर हाड चांगलं धरतं. टायटॅनियमशी हाड असं एकजीव होतं, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांच्या ध्यानात आलं १९५२ साली, सशांवर प्रयोग करताना.

दिरांच्या दाढेला तेच हवं, कारण ती जन्मभर राहायची. मनूचा स्क्रू मात्र काम झालं की काढायचा. हाडाने त्याला फार घट्ट धरलं, तर काढताना तो बारीक स्क्रू मोडू शकतो. शिवाय हिरडीबाहेर येतो तिथे खरखरीत भाग असला की घाण साचते, हिरडी सुजते आणि स्क्रू ढिला होतो. म्हणून असे बरेच स्क्रू गुळगुळीतच ठेवतात. ते आपल्या आट्यांनी हाडाच्या कठीण बाहेरच्या थरात धरून राहतात. काही स्क्रू आतून खरखरीत आणि मानेशी गुळगुळीतही मिळतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत खरखरीत स्क्रू काढायला जास्त जोर लागला. रुग्णांमध्ये मात्र टिकण्यात ठाम फरक दिसलेला नाही.

आणि स्क्रू ढिला होणं म्हणजे काही आपलंच नशीब फुटकं नव्हे. २०१२ च्या एका मोठ्या आढाव्यात शंभरातले तेरा-चौदा स्क्रू निकामी झाल्याचं आढळलं. हाड कसं आहे, स्क्रू मुळाच्या किती जवळ गेला, हिरडी सुजली का, या गोष्टींना फार महत्त्व.

मनू हे सगळं ऐकत होती. घरी आल्यावर म्हणाली, "मग दुसरा बसवू या." थोडी जागा बदलून तसाच गुळगुळीत स्क्रू बसवला. आज तिसरा महिना. तो पक्का आहे, आणि दात इतके मागे आले आहेत की ओठ सहज मिटतात.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी ही वेळ आली तर स्क्रू किती महिने राहणार, कसा काढणार आणि ढिला झाला तर पुढे काय, हे आधीच विचारा. नव्या स्क्रूचे पैसे वेगळे पडतील का, हेही विचारायला लाजू नका. मन खात्री देत नसेल तर दुसरा सल्ला घ्या. अमरावती, अकोला, नागपूर, तिन्ही ठिकाणी दंतमहाविद्यालयं आहेत. स्क्रूभोवती मऊ ब्रश रोज हलक्या हाताने फिरवायचा, जिभेने किंवा बोटाने त्याच्याशी खेळायचं नाही. हलला तर घरी दाबून बसवू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि मुलांना सगळं समजावून सांगा. तोंड त्यांचं आहे, वर्षभर तो स्क्रू त्यांनाच सांभाळायचा असतो.