जर्मनची ताटली

वाईच्या घरी मागच्या दाराशी एक जर्मनची ताटली असायची. चेपलेली, कुत्र्याची. कुत्रा मात्र आम्ही आणलेला नव्हता. काळ्या आपणहून आला, आजीनं ताकात कुस्करलेली शिळी भाकरी खाल्ली आणि पायरीवरच राहिला. "खंडोबाचं कुत्रं, हाकलू नये," आजी म्हणायची. पण त्यानं उंबरठा ओलांडला की तीच आजी सरपणातलं लाकूड उचलायची. रात्री पायरीच्या दगडावर ताटली खरवडल्याचा आवाज आला की काळ्या जेवला म्हणायचं आणि झोपायचं.

१९६८ साली गल्लीतलं दुसरंच एक कुत्रं मला चावलं. तेव्हा बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. आता दंडावर चार-पाचांत भागतं, हे ऐकून अजूनही थोडा राग येतो. त्यानंतर कित्येक वर्षं मी कुत्रं दिसलं की रस्ता बदलायची.

निवृत्तीनंतर, घर फार शांत झाल्यावर, पुण्याजवळच्या एका प्राणी-निवाऱ्यात गेले. तिथल्या मुलीनं विचारलं, "काकू, कसा हवाय? पिल्लू की मोठा?" उत्तर तयार नव्हतं. पिल्लं जाळीवर चढत होती. "ही लगेच जातात," ती म्हणाली. शेवटच्या पिंजऱ्यात एक बदामी रंगाची कुत्री बसली होती. उठली नाही. डाव्या कानाला खाच. म्हणजे नसबंदी आणि रेबीजची लस झालेली. २००१च्या नियमांपासून अशा कुत्र्यांना जिथून उचललं तिथंच परत सोडतात. हिला मात्र गाडीनं उडवलं होतं, मागचा पाय अधू, म्हणून इथंच राहिलेली.

"थांबा, चालवून दाखवते," असं म्हणत मुलीनं कडी काढली.

१९८३ साली आमच्या बैठकीत, पोह्यांच्या बश्या रिकाम्या झाल्यावर, एक बाई मला म्हणाल्या होत्या, "जरा चालून दाखव बाळ." मी खिडकीपर्यंत जाऊन परत आले होते. तिथून नकार आला. का, ते कुणी सांगितलं नाही.

"नको, राहू दे," मी म्हटलं. "हीच."

मग फॉर्म, आधारची झेरॉक्स, घर बघायला येणारी माणसं. माझी नोकरी इतक्या चौकशीशिवाय लागली होती!

वाईचं घर विकताना ताटली का उचलून आणली होती कोण जाणे, ती माळ्यावर सापडली. पहिले दोन दिवस कुत्री जेवणाच्या टेबलाखाली, भिंतीला पाठ लावून. दूधभाताकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मीही बोलावलं नाही. नाव ठेवायचंही सुचलं नव्हतं. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास जाग आली. स्वयंपाकघरातल्या फरशीवर जर्मन खरवडत होतं, चाटता चाटता पुढे सरकत होतं. मी दिवा लावला नाही.