पऱ्हाटीवालं पुस्तक

"ते पऱ्हाटीवालं पुस्तक हाये काय तुमच्यापाशी?"

प्रदर्शनाचा दुसरा दिवस. यवतमाळच्या एका मंगल कार्यालयात आम्ही चौदा टेबलं मांडली होती. समोर साठीचे एक गृहस्थ उभे होते, हातात कापडी पिशवी. पऱ्हाटी म्हणजे काय हेच मला कळेना. मी पुण्याची. मराठी घेऊन एम. ए. झालेली, कविता-कादंबऱ्यांत रमणारी, आणि फिरत्या ग्रंथप्रदर्शनात विक्रीला पहिल्यांदाच उभी राहिलेली. शेजारच्या गिऱ्हाइकानं सांगितलं, "कपाशी हो ताई." मी त्यांना शेतीच्या टेबलाकडे नेलं. त्यांनी मान हलवली. "तसं नाही. अमेरिकेतला मास्तर होता तो. त्यानं लोकाइले भुईमूग लावाले सांगतला."

आमचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणतात, मागून आले आणि काही न बोलता त्यांच्या हातात 'एक होता कार्व्हर' ठेवलं. गृहस्थांनी मुखपृष्ठावरून तळवा फिरवला. "हेच. पोराले शाळेत बक्षीस भेटलं होतं. साळ्यानं नेलं, वापस नाही केलं."

त्या रात्री काकांनी मला दोनशे पानी वही दिली. "कुठलं पुस्तक गेलं ते बिलबुकात असतंच. गिऱ्हाईक आल्याबरोबर पहिलं वाक्य काय बोलतं, तेवढं तू लिही. शिफारशी नंतर."

मला ते विचित्र वाटलं, पण वही घेतली. मी गोंधळले होते ते दुसऱ्याच कारणानं. कथा-कादंबऱ्यांची टेबलं मला ओळखीची होती; तिथं कुणी लेखकाचं नाव घेतलं की माझा हात आपोआप पुस्तकावर जाई. पण काका ज्याला 'माहितीचं टेबल' म्हणतात, आत्मचरित्रं, चरित्रं, पैसा, आरोग्य, विज्ञान, पाककृती, तिथले गठ्ठे सर्वांत वेगानं उतरत होते आणि ते का उतरतात याचा मला थांग लागत नव्हता. १९७० सालची कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आणि अमेरिकेत लेखकानं १९९७ साली स्वतःच छापून काढलेलं 'रिच डॅड पुअर डॅड' यांत काय सारखं आहे? विश्वास नांगरे पाटलांचं 'मन में है विश्वास', कलामांचं 'अग्निपंख', जपानी दीर्घायुष्याबद्दल दोन स्पॅनिशभाषक लेखकांनी लिहिलेलं 'इकिगाई', आणि दया पवारांचं 'बलुतं'. ही सगळी एकाच टेबलावरून, एकाच दुपारी जात होती.

पहिले तीन दिवस मी मनाशी नियम बांधत होते आणि ते मोडत होते. आधी वाटलं, लोक यशाचं आश्वासन विकत घेतात. अभ्यासिकेतली मुलं नांगरे पाटलांच्या पुस्तकाशी थांबत, तेव्हा ते पटायचंही. शिराळा तालुक्यातल्या कोकरूडचा मुलगा आयपीएस होतो, ही गोष्ट त्यांना स्वतःच्या तालुक्याची वाटते. पण मग 'बलुतं' कुठलं आश्वासन देतं? १९७८ साली 'ग्रंथाली'नं काढलेलं ते पुस्तक वाचकाला पायाखालची जमीन दाखवतं, शिडी देत नाही. नंतर वाटलं, सोपेपणा. स्टीफन हॉकिंगना कुणीतरी बजावलं होतं की पुस्तकातल्या प्रत्येक समीकरणागणिक खप निम्मा होईल. म्हणून १९८८च्या त्या पुस्तकात त्यांनी एकच समीकरण ठेवलं. हे मी काकांना उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, "मग 'सेपियन्स'चा गठ्ठा बघ." तो जाडजूड अनुवाद संध्याकाळपर्यंत अर्धा झाला होता. स्वस्ताईचाही नियम टिकला नाही. वसतिगृहात राहणारा एक मुलगा फूटपाथवरून घेतलेलं एक पुस्तक घेऊन आला. चोरून छापलेली प्रत होती ती, अक्षरं फिकी, मधली सोळा पानं गायब. त्याला मूळ प्रत हवी होती, दुप्पट-तिप्पट पैसे मोजून, कारण गोष्ट नेमकी तिथंच तुटली होती. काका म्हणाले, "चोर न चालणारं पुस्तक छापत नाही. आपल्याआधी त्याला कळतं." त्यांच्या आवाजात राग होता आणि तो मला बरोबर वाटला. लेखकाला त्या प्रतीचा एक पैसा मिळत नाही.

पाचव्या रात्री लॉजवर वही उघडून बसले. दीडशेच्या वर वाक्यं झाली होती. "सरांनी सांगितलंय." "जावेकडे पाहिलं होतं, निळं आहे." "रूममेट वाचतो रोज सकाळी." "मायं कोनीतरी नेलं." पुस्तकाचं नेमकं नाव फार थोड्यांनी घेतलं होतं, लेखकाचं त्याहून कमी. जवळजवळ प्रत्येक वाक्यात एक माणूस होता, नात्यातला नाहीतर रोजच्या उठण्या-बसण्यातला. आणि त्या माणसापाठोपाठ पुस्तकातली एखादीच गोष्ट, मनात अडकून राहिलेली: भुईमूग, वाटी-चमच्याचं माप, मुलाखतीत विचारलेला प्रश्न. जाहिरात पाहून आलेले वहीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

मी इतकी वर्षं पुस्तक म्हणजे लेखक आणि मी असंच धरून चालले होते. तिसरं कुणी मधे असतं, हे मला दिसलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी वेगळ्या कानानं ऐकू लागले. एक बाई लग्न होऊन बंगळुरूला निघालेल्या मुलीसाठी 'रुचिरा' घेत होत्या. त्यांची स्वतःची प्रत सासूबाईंची, हळदीच्या डागांची. ती द्यायला मन होईना, म्हणून नवी. "मोबाइलवर सगळं मिळतं हो," त्या म्हणाल्या, "पण वाटी म्हटलं की ती आपल्याच घरची वाटी असते." मला वाटतं, हे वाक्य मी कधी विसरणार नाही. एका गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे कार्यवाह आले. यादी हातात, सवलतीवर घासाघीस, सगळं अपेक्षेप्रमाणे. मात्र यादीच्या शेवटी त्यांनी शाईनं 'बलुतं' लिहिलं होतं. मी विचारलं, तुमच्याकडे नाही? "तिसऱ्यांदा घेतोय. दोन प्रतींची शिवण गेली. एकीची तर शेवटची पानं मुलं झेरॉक्स करून वाचतात." किती प्रती विकल्या गेल्या हे बिलबुक सांगेल, एक प्रत किती हातांतून गेली हे फक्त ती सुटलेली शिवण सांगते. खपाचे आकडे छापणाऱ्यांनी त्या शिवणीचीही दखल घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

एका शाळेचे मुख्याध्यापक स्नेहसंमेलनाच्या बक्षिसांसाठी 'कार्व्हर'च्या चाळीस प्रती सांगून गेले. मी श्रेयनामाच्या पानावर पाहिलं: पहिली आवृत्ती १९८१, आणि खाली पुढच्या आवृत्त्यांची लांबलचक रांग. मराठीत एक आवृत्ती साधारण हजार-अकराशे प्रतींची, तीही संपायला वर्षं लागतात, हे मला इथंच कळलेलं. मग अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय कृषिशास्त्रज्ञाचं चरित्र, वीणा गवाणकरांनी मराठीत लिहिलेलं, चाळीसहून अधिक वर्षं कोण वाचतंय?

मी ते वाचलेलं नव्हतं. त्या रात्री वाचायला घेतलं आणि पहाटे संपवलं. गुलामीत जन्मलेला मुलगा. १८९६ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून अलाबामातल्या टस्कीगीला जातो. प्रयोगशाळा नाही, तर उकिरड्यावरच्या बाटल्या आणि डबे गोळा करून ती उभी करतो. भोवतालची जमीन वर्षानुवर्षं फक्त कापूस घेऊन थकलेली. चवळी लावा, भुईमूग लावा, रताळी लावा, जमिनीला नत्र परत द्या, हे तो सांगत फिरला. शेतकरी शाळेत येऊ शकत नव्हते, म्हणून १९०६ साली अवजारं आणि बियाणं लादलेली गाडी घेऊन शाळाच त्यांच्या दारात जाऊ लागली. पुढं बोंडांवर पडणारा भुंगा अलाबामात पोचला, तेव्हा ज्यांनी ऐकलं होतं त्यांच्याकडे निदान दुसरं पीक होतं.

पुस्तक मिटलं तेव्हा लॉजच्या खिडकीखालून कापसाच्या गाड्या जात होत्या. तिकडचा तो भुंगा, इकडची गुलाबी बोंडअळी. २०१७ साली इथल्या वावरांचं तिनं काय केलं ते मी फक्त पेपरात वाचलं होतं, तेही वरवर. ज्या पुस्तकाला मी परदेशी समजत होते ते या गावात घरचंच होतं. परकी होते मी.

शेवटच्या दिवशी दुपारी चारला आवराआवर सुरू झाली. उरलेली पुस्तकं आकारानं लावायची, सुतळीनं गठ्ठे बांधायचे, गठ्ठ्यावर खडूनं आकडा. निम्मी टेबलं रिकामी झाली असताना ते पऱ्हाटीवाले गृहस्थ परत आले. सोबत त्यांच्याच वयाचे आणखी एक जण. "हा साळा," त्यांनी मला ओळख करून दिली. "त्याच्याकडची बी प्रत गेली. कोन्या मास्तरनं नेली म्हनते."

माझ्याकडे एकच प्रत शिल्लक होती, वरचा कोपरा दुमडलेली. मी ती पुढे केली. साळ्यानं ती उघडली, चश्मा काढून पुसला, परत लावला आणि उभ्याउभ्याच वाचू लागला. गृहस्थ त्याच्या खांद्यावरून वाकून पानं पुढे ढकलत होते. "हे नाही. समोर आहे. जिथं त्यो माती हातात घेते, तिथं."

मी काकांकडे पाहिलं. टेम्पो दाराशी लागला होता, हमाल टेबलं दुमडत होते. काकांनी हातानंच खूण केली: ते टेबल शेवटी उचला. मी सुतळीचं रीळ घेतलं आणि त्या दोघांच्या अवतीभवती, आवाज न करता, बाकीचे गठ्ठे बांधत राहिले.