डोळ्यांची साक्ष

अब्बांची नजर गावात नावाजलेली. रमजानच्या एकोणतिसाव्या दिवशी मगरिबनंतर सगळेच पश्चिमेकडे पाहात, पण चांद दिसल्याची साक्ष द्यायला जमातीची माणसं अब्बांनाच पुढे करीत. ढगाआड काही चमकल्याचा भास झाला, तर ते म्हणत, "वाटलं म्हणजे दिसलं नव्हे."

आमचं गाव शहापूर-मुरबाड रस्त्यावर. पश्चिमेला कल्याण-भिवंडीच्या दिव्यांचा पिवळा उजेड वर्षागणिक वाढतोय. पूर्वेला मात्र सह्याद्रीवर अजून बराच अंधार आहे. हिवाळ्यात तिथूनच मृग नक्षत्र वर येतं. अब्बांना मृग ठाऊक तो पावसाचा, ७ जूनचा. मी त्यांना जानेवारीतला मृग दाखवला. तीन ताऱ्यांचा बाण, त्याखाली मंद ताऱ्यांची एक छोटी ओळ आणि त्या ओळीत मधोमध धूसर ठिपका. तोच मृगातला तेजोमेघ. उर्दूत त्याला सहाबिया म्हणतात. सहाब म्हणजे ढग.

त्या रात्री इशानंतर परसात तिपाई मांडली. शेजारच्या ओटीवरचा दिवा सांगून बंद करवला. यंत्राचा आस ध्रुवताऱ्याकडे रोखला. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून साधारण १९ अंशांवर, जेमतेम कौलांच्या वर दिसतो. पृथ्वी फिरते, त्याच गतीने मोटर कॅमेऱ्याला उलट फिरवते. नाहीतर ताऱ्यांच्या रेघा उमटतात. अब्बा दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ उभे राहिले. काचबिंदूने त्यांची नजर आता अर्धी केली आहे. "काही दिसत नाही, बेटा," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

मी एकेक तीस सेकंदांचे शंभर फोटो घेतले. दर थोड्या वेळाने भिंगावरचं दंव पुसत होतो. अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी याच तेजोमेघाचा पहिला फोटो घेतला, तेव्हा त्यांनाही सुमारे ५० मिनिटं प्रकाश गोळा करावा लागला होता. माझे शंभर फोटो संगणकाने एकावर एक रचले आणि पडद्यावर गुलाबी-लाल पंख उलगडले. तो लाल रंग हायड्रोजन वायूचा. तिथे आजही नवे तारे जन्मताहेत. तो प्रकाश तिथून निघाला सुमारे १,३५० वर्षांपूर्वी, म्हणजे हिजरी सनाच्या पहिल्या शतकात.

फोटो छापून आणला. गावच्या शाळेत लावायचा होता. अब्बांनी तो डोळ्यांजवळ धरला. चेहरा उजळला. मग विचारलं, "हा रंग तू पाहिलास?"

हो म्हणावंसं वाटलं. त्यांचा आनंद मोडवेना. पण विचारणारे अब्बा होते.

"नाही. मला राखाडी डाग दिसला. अंधुक उजेडात माणसाच्या डोळ्याला रंग कळत नाहीत. कॅमेऱ्याने पन्नास मिनिटं साठवला, तेव्हा रंग आला."

"म्हणजे खोटा नाही?"

"खोटा नाही. फक्त माझ्या डोळ्यांचा नाही."

ते थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "मग तसंच लिही. तुझी साक्ष वेगळी, यंत्राची वेगळी."

शाळेतल्या त्या फोटोखाली आता दोन ओळी आहेत. पहिलीत डोळ्यांना काय दिसलं ते, दुसरीत कॅमेऱ्याला काय दिसलं ते. मुलं दोन्ही वाचतात आणि रात्री पूर्वेकडे पाहतात.