दोघांचं देणं

माझ्यावर दोन माणसांचं ऋण आहे. एक माझ्या शिक्षिका, त्यांना आम्ही मॅडम म्हणायचो; दुसरे देगलूरजवळच्या खेड्यातले एक म्हातारे सालगडी. समुपदेशनाची पदवी मी शहरात घेतली. काम शिकवलं ते या दोघांनी.

या सालगड्याला आम्ही काका म्हणायचो. काकांना झोप लागत नव्हती, छातीत धडधडायचं. तपासण्यांत काही निघालं नव्हतं. ते मॅडमकडं उपचाराला आले, तेव्हा शिकाऊ म्हणून मीही तिथं हजर. समोर खुर्ची रिकामी असताना ते जमिनीवर बसले. मॅडमनी त्यांना उठवलं नाही. "काका, तुमची जागा खाली, हे कुणी ठरवलं?" एवढंच विचारलं. बऱ्याच वेळानं काका म्हणाले, "बापानं." लहानपणी ते वाड्याच्या ओट्यावर चढले, तेव्हा बापानं त्यांना गुरासारखं बडवलं होतं. "मालकानं बघितलं असतं तर घर उठवलं असतं, म्हणून मारलं." मॅडमनी विचारलं, "आज इथं कुणाची भीती वाटते?" काकांनी माझ्याकडं बोट केलं. "हे वाड्यातले हाईत."

तो वाडा माझ्या आजोबांचा.

आईबापांविषयीच्या जुन्या भावना रुग्ण उपचारकावर आणतो, हे फ्रॉइडनं सांगितलं. काकांनीही बापाची भीती माझ्यावर आणली होती; पण त्या मारकुट्या बापामागं मालक उभा होता आणि मालकामागं निजामाच्या राज्यापासून चालत आलेली सगळी उतरंड. 1922 मध्ये कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन करणाऱ्या गिरींद्रशेखर बोस यांनी 1929 मध्ये फ्रॉइडला कळवलं होतं, की आपले भारतीय रुग्ण युरोपीय रुग्णांपेक्षा वेगळे दिसतात आणि या फरकाचं कारण सामाजिक परिस्थितीत आहे. मॅडम हे वाचायला लावत, आणि वर बजावत, "समाज फक्त रुग्णाच्या मनात नसतो. तो तुमच्या आडनावातही असतो. उपचारकाला जात नसते, असं जो म्हणतो, तो रुग्णाला गप्प बसवतो."

पुढची भेट मी घ्यावी की दुसऱ्या कुणी, हे मॅडमनी काकांनाच ठरवू दिलं. काकांनी मला निवडलं. त्यानंतर कित्येक महिने ते माझ्या घराण्याविषयीचा राग माझ्याच तोंडावर बोलत राहिले, आणि हळूहळू त्यांना झोप लागू लागली.

ज्या घरानं त्यांना ओट्यावर चढू दिलं नाही, त्या घरातल्या माणसावर त्यांनी विश्वास टाकला. माझ्या पदरात पडलेलं सगळ्यात मोठं दान हेच. समोरच्याच्या मनात माझी जागा कोणती, हे प्रत्येक नव्या रुग्णाला मोकळेपणानं बोलू देणं, एवढीच त्याची परतफेड माझ्या हाती आहे.